फ्रिजमधला मानकुराद

वैशाख लागला की या सदराच्या टपालात आंब्यांविषयीची पत्रे येऊ लागतात. कोणास लोणच्याच्या कैरीविषयी विचारावयाचे असते, कोणास साठे काळी का पडली याचे कारण हवे असते. यंदाच्या पत्रांपैकी एक मात्र निराळे आहे. बडोद्यास स्थायिक असलेल्या, फोंडा महालात माहेर असलेल्या एका भगिनींनी ते लिहिले आहे. त्यांच्या भावाने दरवर्षीप्रमाणे दोन डझन मानकुराद पाठविले. फळे तयार होती, पण टणक होती. चिरंजीव नोकरीच्या गावाहून दोन आठवड्यांनी यावयाचे होते. त्यांच्या वाट्याचे आंबे टिकावेत म्हणून भगिनींनी पेटी आली त्याच संध्याकाळी पंधरा-सोळा फळे निवडून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली. तेराव्या दिवशी बाहेर काढली तेव्हा ती जशीच्या तशी दिसली, म्हणून त्यांना आनंदच झाला. दुसऱ्या दिवशी सालीचे तेज गेले. तिसऱ्या दिवशी राखाडी डाग उमटले, सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे दिसू लागले. पाचव्या दिवशी फळ एका बाजूस मऊ आणि दुसऱ्या बाजूस दगड, असे झाले. कापले तर रंग फिका, चव आंबट, आणि ज्या वासासाठी मानकुराद घ्यावयाचा तो वास नाहीच.

"फळे मुळातच वाईट होती काय? माझ्या भावाला फळवाल्या बाईने फसविले असेल काय?" असा त्यांचा प्रश्न आहे. भावाने फोनवर विचारले तेव्हा त्यांनी "छान होते" असे सांगून वेळ निभावली. भाऊ ज्या बाईकडून आंबे घेतो ती गेली कित्येक वर्षे त्यांची ठरलेली फळवाली आहे; तेव्हा पुढल्या साली तिच्याकडून आंबे घेऊ नकोस असे त्याला सांगावे की काय, हे त्यांना आमच्याकडून हवे आहे.

सांगू नये. त्या फळवालीने काही केलेले नाही, आणि झाडानेही नाही. पहिल्या दिवशी भगिनींच्या घरी जे आठ-दहा आंबे बाहेर राहिले ते आठवड्याच्या आत पिकले व गोड निघाले, असे त्यांनीच पत्राच्या शेवटी सहज लिहिले आहे. पेटी एक, झाड बहुधा एक, उतरविणारे हात तेच. फरक पडला तो तेरा दिवसांच्या थंडीने. आजच्या लेखाचा विषय तोच. मानकुरादाचे मोल ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो क्षुल्लक वाटणार नाही. हंगामाच्या आरंभी या आंब्याच्या एका डझनास गोव्याच्या बाजारात हजारांच्या घरात पैसे मोजावे लागतात. शिवाय पेटी परगावी जाते तेव्हा तिच्याबरोबर माहेरचे मनही जात असते.

थंडीने पदार्थ टिकतो हे आपण दूध, शिळा भात, कापलेली भाजी यांच्यावरून शिकलो. दूध मेलेले असते असे म्हटले तर विचित्र वाटेल, परंतु आपल्या विषयापुरते ते खरे आहे. दुधाला स्वतःचे आयुष्य नाही. त्याचा नाश त्यात वाढणारे जंतू करतात, आणि थंडीने जंतूंची वाढ मंदावते. झाडावरून उतरविलेला आंबा तसा नव्हे. तो जिवंत असतो, श्वास घेतो, प्राणवायू घेऊन उष्णता आणि कर्बवायू बाहेर टाकतो. त्याच्या पोटी साठविलेल्या पिठाची साखर व्हावयाची असते, आंबटपणा ओसरावयाचा असतो, हिरवा रंग जाऊन पिवळा यावयाचा असतो, गर सैल व्हावयाचा असतो आणि वासाची द्रव्ये तयार व्हावयाची असतात. ही सर्व कामे एकमेकांस धरून, जणू एका सूत्रधाराच्या इशाऱ्याने होतात. तो सूत्रधार म्हणजे फळातच निर्माण होणारा इथिलीन नावाचा वायू. पिकण्याच्या वेळी फळाचा श्वास एकदम जोराने वाढतो ही गोष्ट केंब्रिज येथील किड आणि वेस्ट या दोघा शास्त्रज्ञांनी १९२० नंतरच्या दशकात सफरचंदांवर प्रयोग करून दाखविली. आंबाही त्याच जातीचे फळ. आमच्याकडे भाताच्या पेंढ्यात आढी घालून वर गोणपाट टाकतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात घालून पाहतात, तेव्हा आतून ऊब लागते ती याच श्वासाची.

आता हे जिवंत फळ थंडीत ठेवले की त्याचा श्वास मंदावतो. इथवर सारे ठीक, आणि शीतगृहांचा सगळा व्यापार त्यावरच चालतो. पण प्रत्येक फळास सोसेल अशी थंडीची एक सीमा असते. सफरचंद हिमाचल-काश्मीरचे, त्याच्या अनेक जाती शून्य अंशाच्या जवळपास महिनेच्या महिने सुखाने राहतात. आंबा उष्ण देशातला. तयार पण न पिकलेल्या आंब्यास साधारणतः १२-१३ अंश सेल्सिअसच्या खाली अपाय होऊ लागतो. जातीजातीप्रमाणे ही सीमा थोडी वरखाली होते, इतकेच. घरचा फ्रिज ४-५ अंशांवर चालतो आणि त्याचा भाजीचा कप्पाही फार तर दोन-तीन अंशांनी ऊबदार असतो. म्हणजे त्यातली कोणतीच जागा कच्च्या आंब्याच्या सोयीची नाही. केळ्याच्या बाबतीत हे आपल्या सर्व गृहिणींना अनुभवाने ठाऊक आहे. फ्रिजमध्ये केळे कोणी ठेवीत नाही, कारण ते डोळ्यांदेखत काळे पडते. आंब्याने अडचण केली ती एवढीच, की तो लगेच काळा पडत नाही.

थंडीने नेमके काय बिघडते? खोबरेल तेलाच्या बाटलीकडे पाहावे. गोव्यात ते वर्षातले बहुतेक दिवस पातळ असते. बडोद्यास किंवा इंदुरास पौषात त्याचा पांढरा गोळा होतो, आणि शेजारीच ठेवलेले तिळाचे किंवा शेंगदाण्याचे तेल मात्र पातळच राहते. दोन्ही स्निग्ध पदार्थ, पण घडण निराळी. फळाच्या प्रत्येक पेशीभोवती, आणि पेशीच्या आतल्या लहानमोठ्या कोठ्यांभोवतीही, स्निग्ध द्रव्याचा अत्यंत पातळ पापुद्रा असतो. काय आत घ्यावयाचे, काय बाहेर ठेवावयाचे, हे तो पाहतो. थंड देशांतल्या वनस्पतींचे पापुद्रे थंडीतही सैल राहतात. उष्ण देशांतल्यांचे काही भाग एका ठराविक अंशाखाली घट्ट होतात. मग पापुद्र्यात बसलेली पाचकद्रव्ये नीट काम करीत नाहीत, कोठ्या पाझरू लागतात, आणि जे रस एकमेकांपासून दूर ठेवलेले होते ते एकत्र येतात. हा विचार लायन्स आणि रेझन या संशोधकांनी १९७० च्या सुमारास मांडला. पुढे त्यात पुष्कळ भर पडली, काही दुरुस्त्याही झाल्या; पापुद्रा सर्वच्या सर्व गोठत नाही, थोड्या भागानेच घात होतो असे आता मानतात. परंतु खोबरेलाचे उदाहरण मनात ठेवले तर घरगुती उपयोगास ते पुरेसे आहे.

त्यातून पुढची गोष्ट आपोआप समजते, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातली महत्त्वाची गोष्ट तीच आहे. थंडीत असताना फळ बिघडलेले दिसत नाही. पाझर झालेला असतो, सूत्रधाराचा आवाज बसलेला असतो, पण थंडीने त्याचे परिणामही मंद केलेले असतात. फळ बाहेर काढावे, त्यास ऊब मिळावी, श्वास पुन्हा वाढावा, तेव्हा एकत्र आलेले रस आपापसांत प्रक्रिया करतात आणि साल करडी पडते. सालीवरची सूक्ष्म छिद्रे काळपट होऊन खचतात. पिकविण्याचा हुकूम काही भागांस पोहोचतो, काहींस पोहोचत नाही. म्हणून एक गाल मऊ आणि एक दगड. दुबळ्या झालेल्या सालीतून बुरशी शिरते आणि देठाकडून काळे पसरते. हे सर्व तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तोवर फळ फ्रिजमध्ये होते हे घरातली माणसे विसरलेली असतात. फळवाल्याने शीतगृहातून आणून विकले असेल तर गिऱ्हाइकास ते माहीतही नसते. दोष मग जो समोर असतो त्याच्या माथी बसतो. कधी फळवाला, कधी बागायतदार, कधी पेटी पाठविणारा भाऊ.

थोड्या वेळाच्या थंडीचे भय बाळगू नये हेही सांगावयास हवे. थंडी किती आणि किती दिवस, या दोहोंचा गुणाकार पाहावयाचा. कच्चा आंबा चुकून एक रात्र फ्रिजमध्ये राहिला म्हणून बिघडत नाही. वेळीच बाहेर काढला तर पापुद्रे पूर्वस्थितीवर येतात. आठवडा उलटला की ती वाट बंद होऊ लागते. त्या भगिनींचे तेरा दिवस झाले होते.

येथे साका आणि हा विकार यांची गल्लत होऊ नये म्हणून दोन शब्द. आमच्या फोंड्याच्या बाजारातही मी सुजाण माणसांना ही गल्लत करताना ऐकले आहे. साका हा मुख्यतः हापुसचा रोग. वरून फळ निर्दोष, कापले की बाठ्याभोवतीचा गर पांढरट, पोकळ, रबरासारखा आणि आंबट. तो फळ झाडावर असतानाच धरतो. जमिनीतून वर येणारी उष्णता त्यास कारण होते असे पूर्वीपासून मानीत. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतील संशोधकांनी, बाठ्यातले बी फळ झाडावर असतानाच रुजू पाहते आणि गराचा पोषक अंश ओढून घेते, असे दाखविले. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. नीलम आणि हापुस यांच्या संकरातून तेथे तयार झालेली रत्ना ही जात १९८१ साली बाहेर आली, आणि तिच्यात साका नाही हा तिचा मोठा गुण. साका आतून बाहेर असतो, थंडीचा घाव बहुधा सालीपासून आत जातो. साका असलेल्या आंब्याच्या सालीवर काही दिसत नाही. थंडी लागलेल्याची साल आधी बोलते. एवढी खूण लक्षात ठेवली तर फळवाल्याशी भांडण करण्यापूर्वी आपले म्हणणे काय ते तरी ठरेल.

गोव्याच्या आंब्याचा हा काही पहिला प्रवास नव्हे. गार्सिया द ऑर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात आंब्याचे वर्णन केले आहे. पुढे जेझुइट पाद्र्यांनी कलमे बांधण्याची विद्या येथे वाढविली, आणि फेर्नांदीन, मुसराद, हिलारियो अशा नावांच्या जाती घरोघरच्या परसांत उभ्या राहिल्या. मानकुराद हे नावही पोर्तुगीज 'मालकुराद'चे रूप, म्हणजे रंगाने उणा. सालीवर लाली नाही म्हणून त्याला हे नाव पडले असावे. गराने मात्र त्याने नावाचा पुरता सूड घेतला आहे. येथून पेशव्यांच्या दरबारी भेटीदाखल आंबे जात. तेव्हा बर्फ नव्हता, वीज नव्हती. घाट चढून फळ जावयाचे ते काळाशी शर्यत करीतच. २०२३ साली गोव्याच्या मानकुरादास भौगोलिक निर्देशांक मिळाला, तेव्हापासून तो दूर कसा पाठवावा, अधिक दिवस कसा टिकवावा, याची चर्चा आमच्याकडे वाढली आहे. अशा चर्चेत कोणी तरी उठतो आणि म्हणतो, शीतगृह बांधा.

बांधावे, माझा विरोध नाही. परंतु कोणते? आपल्या देशातील शीतगृहांचा फार मोठा भाग बटाट्यासाठी उभारलेला आहे आणि बटाटा २ ते ४ अंशांवर ठेवतात. (घरी फ्रिजमध्ये राहिलेला बटाटा भाजीत गोडसर लागतो तो थंडीने त्याच्या पिठाची साखर झाल्यामुळे, आंब्यात ज्या बदलासाठी आपण डोळे लावून बसतो तो बटाट्यात नको असताना होतो.) त्याच खोलीत, रिकामी आहे म्हणून, आंब्याच्या पेट्या रचल्या तर महिनाअखेर तिथे आंब्याच्या आकाराची काही तरी वस्तू मिळेल. आंब्याची खोली १२-१३ अंशांची, हवेत भरपूर दमटपणा असलेली, आणि फळ उतरविल्यावर शक्य तितक्या लवकर आत जाईल अशी हवी. ती मिळाली तरी दोन-तीन आठवड्यांची सवड मिळते, सहा महिन्यांची नाही. ज्येष्ठातला मानकुराद दिवाळीला खाऊ घालण्याचे आश्वासन कोणी देत असेल तर त्याच्याकडे पैसे गुंतविण्यापूर्वी खोलीचे अंश किती, एवढे विचारावे. पश्चिम हिंदुस्थानात या विषयाचा अभ्यास नवा नाही. पुण्यास गणेशखिंडीच्या फळबागेत जी. एस. चीमा आणि डी. व्ही. करमरकर यांनी १९३० नंतरच्या दशकात फळांच्या शीतसाठवणीचे प्रयोग केले, त्यांत आंबाही होता. इतक्या वर्षांपूर्वी जे तपासले गेले ते बाजारात अद्याप ऐकिवातही नसावे, याचे नवल वाटते.

थंडीने मारलेल्या फळाचा दुसरा एक दुष्परिणाम गिऱ्हाइकाच्या आरोग्यापर्यंत पोहोचतो. शीतगृहातून आलेला आंबा पिकत नाही, व्यापाऱ्याचे पैसे अडकतात, आणि मग कार्बाइडच्या पुड्या निघतात. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास आपल्याकडे कायद्याने केव्हाच बंदी आहे. त्यातून निघणारा वायू इथिलीनची नक्कल करतो, आणि त्या पुडीत आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असू शकतात. त्याने साल पिवळी होते. आत जे मोडले आहे ते जुळत नाही. इथिलीन वायूच्या खोलीत, ठराविक प्रमाणात, फळे पिकविण्यास केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली परवानगी दिली आहे. ती पद्धत निर्धोक आहे. पण तीही निरोगी फळासाठी. एकसारखा पिवळाधमक आणि नाकाशी धरला तर देठापाशी काहीच न बोलणारा आंबा परत टोपलीत ठेवावा.

उत्तरेकडे स्थायिक असलेल्या आमच्या वाचकांस वाटत असेल की हा सगळा आंब्याचा पक्षपात झाला. त्यांच्यासाठी आडू, आलुबुखार आणि जर्दाळू. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही आंब्याच्याच वर्गातली, म्हणजे वर गर आणि आत एकच कठीण बाठा, अशा घडणीची फळे. आमच्याकडे चतुर्थीच्या स्वयंपाकात लागणारे आंबाडेही त्याच घडणीचे. शास्त्रात त्यांस अश्मगर्भी फळे म्हणतात. आडू थंड प्रदेशातला, म्हणून त्यास थंडीचे भय नसावे असे वाटेल. आहे, आणि ते मोठ्या चमत्कारिक रीतीने आहे. दिल्ली-देहरादूनच्या घरांत मे-जून महिन्यांत हिमाचलातल्या राजगढकडचे आडू येतात, आणि कित्येकदा ते दिसावयास लालबुंद पण खाताना कोरडे, पिठूळ, ओल्या कापसासारखे लागतात; बाठ्याभोवती तपकिरी रंग चढलेला असतो. रस कोठे गेला असा प्रश्न पडतो. रस तेथेच असतो.

पेरूची जेली ज्यांनी घरी केली आहे त्यांना याचे उत्तर चटकन समजेल. फळांच्या गरात पेशींना जोडणारे पेक्टिन नावाचे द्रव्य असते. आडू पिकताना दोन पाचकद्रव्ये त्यावर पाठोपाठ काम करतात: पहिले पेक्टिनच्या लांब साखळ्यांवरची टोके काढते, दुसरे त्या साखळ्याच तोडते. थंडीत दुसरे जवळजवळ थांबते, पहिले मात्र हळूहळू चालू राहते. परिणामी टोके नसलेल्या लांब साखळ्या उरतात, त्या एकमेकींत गुंततात आणि रसास जेलीसारखे बांधून ठेवतात. दाताखाली फळ येते पण रस सुटत नाही. आणि चमत्कार तो हा, की आडूस सर्वांत घातक थंडी शून्याची नव्हे. शून्य अंशाजवळ दोन्ही पाचकद्रव्ये थांबल्यासारखी असतात आणि फळ काही आठवडे बरे राहते. सुमारे २ ते ८ अंश हा पट्टा सर्वांत वाईट. परदेशांतल्या व्यापारात त्याला मारक पट्टा अशाच अर्थाचे नाव आहे. आपले घरगुती फ्रिज नेमके त्याच पट्ट्यात चालतात. म्हणजे आडू टिकविण्याकरिता घरात जी सर्वांत सोयीची जागा वाटते तीच त्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट.

कॅलिफोर्नियात आडवांचे मोठे बागायतदार आहेत. त्यांनी यावर शोधलेली युक्ती आपल्या आढीची आठवण करून देणारी आहे. फळ उतरविल्यावर लगेच थंडीत न टाकता ते सुमारे २० अंशांवर एक-दोन दिवस ठेवतात, पिकण्यास आरंभ करू देतात, आणि मग थंड करतात. सुरुवात झालेले फळ थंडी अधिक सोसते. आंब्यातही हेच दिसते. पूर्ण पिकलेल्या आंब्यास थंडीचा त्रास कच्च्याइतका होत नाही, कारण जी कामे बिघडावयाची ती बहुतेक उरकलेली असतात.

तेव्हा बडोद्याच्या भगिनींनी, आणि ज्यांच्याकडे या महिन्यात पेटी येणार आहे त्या सर्वांनी, असे करावे. पेटी आली की त्याच दिवशी उघडावी. फळे पुसून, देठ खाली करून, पेंढ्यावर किंवा कोऱ्या कागदावर एका थरात मांडावी. खोली हवेशीर पण उन्हापासून दूर असावी. आंबा २०-२५ अंशांच्या आसपास सर्वांत चांगला पिकतो, आणि उत्तरेकडे मे महिन्यात खोलीचे तापमान चाळिशीकडे जात असेल तर घरातली सर्वांत गार खोली त्यांना द्यावी. डागाळलेले फळ वेगळे काढावे. रोज एकदा नुसते पाहावे. दाबून पाहण्याची सवय मुलांनाच नव्हे, मोठ्यांनाही मोडता आली तर उत्तम. देठापाशी वास सुटला आणि अंगठ्याखाली साल किंचित मऊ लागली की फळ तयार. आता ते फ्रिजमध्ये ठेवण्यास हरकत नाही. चार-पाच दिवस सहज राहते. त्याहून अधिक ठेवले तर वास उणावतो. खाण्यापूर्वी तासभर बाहेर काढून ठेवावे, कारण गार आंब्याचा वास नाकास लागत नाही आणि मग इतके पैसे मोजले कशाला?

चिरंजीव दोन आठवड्यांनी येणार असतील तर? भावाला दोन खेपांत पाठवावयास सांगणे, हा एक मार्ग. झाडाला पाड लागल्यावरही सगळी फळे एका दिवशी उतरवीत नाहीत. झेल्याने काढणारा माणूस बोलावला की बागायतदार निम्मी फळे मागे ठेवू शकतो, आणि झाडासारखे कोठार नाही. परसातली झाडे ज्यांची आहेत त्यांना हे अवघड नाही. बाजारातून घ्यावयाचे असतील तर नंतरच्या तारखेस घ्यावेत. वैशाखाच्या अखेरीस भावही उतरलेला असतो.

दुसरा मार्ग फ्रीझरचा, आणि येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. फ्रिज वाईट तर फ्रीझर त्याहून वाईट असला पाहिजे असे त्यांना वाटते. अख्ख्या फळास तो वाईटच. आतले पाणी गोठून पेशी फुटतात आणि बाहेर काढल्यावर फळाचा चोथा होतो. पण पूर्ण पिकलेल्या आंब्याचा रस किंवा फोडी काढल्या की पिकण्याचे काम संपलेले असते. मोडण्यासारखे सूत्र त्यात उरलेले नसते. आता राहतात ते जंतू आणि हवा. त्या दोघांस उणे १८ अंशांची थंडी आणि घट्ट झाकण यांनी चांगले आवरता येते. रस काढून लहान डब्यांत काठोकाठ भरावा, वर हवा राहू देऊ नये, डब्यावर तारीख घालावी, आणि एकदा वितळलेला रस पुन्हा गोठवू नये. मानकुरादाचा वास अशा रीतीने काही महिने बऱ्यापैकी राहतो. आमच्या आज्या उन्हात साठे घालीत, कैऱ्या मिठात बुडवीत; त्यांच्याकडे फ्रिज नव्हता हे खरे, पण फळाचे रूप पालटल्यावाचून ते टिकविता येत नाही हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

पेटी वातानुकूलित बसने पाठविली तर फळास थंडी बाधते काय, असे हैदराबादहून एकांनी विचारले आहे. बाधत नाही, बसमधली हवा विशीच्या वर असते आणि प्रवास एका रात्रीचा. पेटी बसच्या पोटात, इंजिनाजवळ, तापून निघते ते मात्र वाईट. पेटीस भोके असावीत, फळांमध्ये पेंढा सैल असावा, आणि उतरविल्यावर चीक पूर्ण गळू दिल्याखेरीज फळ भरू नये, नाहीतर सालीवर चिकाचे काळे ओघळ उमटतात आणि त्यांनाही लोक थंडीचेच डाग समजतात. चिकाचा डाग देठापासून खाली ओघळाच्या आकाराचा असतो. थंडीचा डाग कोठेही, ठिपक्यांचा, आणि दोन-तीन दिवसांनी उमटणारा.

भगिनींच्या पत्रातले उरलेले चार करडे आंबे अजून त्यांच्या घरी असतील तर ते टाकू नयेत. बुरशी लागलेला भाग दूर करून, आंबट गराचे गूळ घालून सासव करावे. मोहरी वाटून घातली की कमी पडलेला वास झाकला जातो.